मिशिगनच्या परतलेल्या खेळाडूंना दहापैकी किती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमेरिकन कॉलेज फुटबॉल नेमाने बघणारं इथे कोणी असेल तर मदत हवी आहे. काम घरगुती आहे, पण मला ते नीट करायचं आहे.

आम्ही ॲन आर्बरजवळ, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावाजवळ, राहतो. बाबा मे महिन्यात सांगलीहून आलेत, ऑक्टोबरपर्यंत आहेत. विद्यापीठाच्या संघाच्या ७ सप्टेंबर २०२४ च्या टेक्सासविरुद्धच्या सामन्याची तिकिटं काढून ठेवली आहेत. बाबांनी सांगलीत तीसेक वर्षं क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलं. मैदानावर कोण उभा आहे हे माहीत नसेल तर सामना बघायचं समाधानच त्यांना मिळत नाही, मग भोवती एक लाखावर माणसं का ओरडत असेनात. त्यांनी लाल कापडी बांधणीची वही आणलीय, पट्टीने रकाने आखलेत आणि मला सांगितलंय, "जुने कोण राहिलेत ते सांग, आणि प्रत्येकाला दहापैकी किती ते सांग. नव्यांचं आपण मैदानावर बघू."

संघाची स्थिती थोडक्यात: ८ जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून मिशिगन राष्ट्रीय विजेते झाले, १५ पैकी १५ सामने जिंकून. मग प्रशिक्षक जिम हार्बॉ एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेले आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (त्या लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) या संघाचे १३ खेळाडू निवडले गेले. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) मॅकार्थी गेला, रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) कोरम गेला, ऑफेन्सिव्ह लाइनमधले (या दोघांसाठी समोरच्यांना अडवणारी पुढची फळी) नेहमीचे पाचही जण गेले.

काही नावं सोपी आहेत. टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून झेलही घेणारा) कोल्स्टन लव्हलँडने गेल्या मोसमात ४५ झेल आणि ६४९ यार्ड केले. कॉर्नरबॅक (झेल घेणाऱ्यांना अडवणारा बचावपटू) विल जॉन्सनची ४ इंटरसेप्शन्स आहेत, म्हणजे विरोधकाची फेक चारदा मधेच पकडली. दोघांना नऊ-नऊ दिले, बाबांनी लिहून घेतले.

गाडी अडली ती रनिंग बॅक डॉनोवन एडवर्ड्सवर. २०२२ मध्ये १४० धावांत (इथे धाव म्हणजे चेंडू घेऊन पळण्याची एक खेप) ९९१ यार्ड, म्हणजे दर धावेला सात. २०२३ मध्ये ११९ धावांत ४९७, म्हणजे जेमतेम चार. त्यातही अंतिम सामन्यात फक्त ६ धावांत १०४ यार्ड आणि दोन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं)! तो एक सामना वगळला तर उरलेल्या ११३ धावांत ३९३, म्हणजे साडेतीनच्या आसपास. मी सात गुण सांगितले. बाबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "अगं, एक शतक आणि चार भोपळे, दुसऱ्याचे प्रत्येक डावात वीस. सरासरी दोघांची सारखीच येते. म्हणून काय दोघं सारखे फलंदाज झाले?" मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून ती ओळ कोरी आहे.

दुसरी अडचण डिफेन्सिव्ह लाइनची, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीची. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोघे मला या संघाचा कणा वाटतात. पण आकडे बघितले तर ग्रॅहमचे ३६ टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं) आणि ३ सॅक (क्वार्टरबॅकला फेकीआधीच पाडणं), ग्रँटचे २९ आणि साडेतीन. वहीत हे आकडे किरकोळ दिसतात. दोन-दोन गडी अंगावर घेऊन मागच्यांना वाट मोकळी करून देण्याचे गुण कुठून आणायचे?

शिवाय रॉड मूर. ओहायो स्टेटविरुद्ध ३०-२४ च्या सामन्यात शेवटचं इंटरसेप्शन त्याचंच. वसंतातल्या सरावात गुडघा दुखावला. त्याला आठ द्यायचे की ओळ रिकामी ठेवायची? ॲलेक्स ऑर्जीला तर काय द्यावं तेच कळत नाही. गेल्या मोसमात १५ वेळा चेंडू घेऊन पळाला, ८६ यार्ड केले, पण क्वार्टरबॅक म्हणून त्याची फेक आम्ही पाहिलीच कुठे!

तुम्ही कसे गुण देता? गेल्या वर्षीच्या कामाचे की यंदाच्या अपेक्षेचे?

प्रतिसाद

ताई, बाबांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मी ओहायोत असल्यामुळे एडवर्ड्स आम्हाला चांगलाच लक्षात आहे. २०२२ च्या मोसमाअखेर कोरम जायबंदी झाल्यावर सगळा भार याच्यावर आला. तेव्हाचे शेवटचे तीन सामने बघा: आमच्या ओहायो स्टेटविरुद्ध २१६ यार्ड, पर्ड्यूविरुद्ध १८५, टीसीयूविरुद्ध (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) ११९. २०२३ मध्ये कोरमने २५८ धावा घेतल्या आणि हा मधूनमधून आत येत राहिला. म्हणजे सलग काम मिळालं की तो चालतो, असं मानायला जागा आहे. फक्त तेव्हा पुढे उभी असलेली लाइन आता नाही.

माझं म्हणणं, वहीत दोन रकाने करा. एकात गुण, दुसऱ्यात त्या गुणाला पुरावा किती: भरपूर, मध्यम की तुटपुंजा. लव्हलँड नऊ, भरपूर. एडवर्ड्स सात, मध्यम. ऑर्जीला पाच आणि तुटपुंजा. तो पाच म्हणजे साधारण खेळाडू नव्हे, अजून माहीत नाही एवढंच. एकाच आकड्यात या दोन्ही गोष्टी कोंबल्या की घोळ होतो.

लाइनवाल्यांसाठी आकडे सोडा. जुन्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावा, चेंडूकडे बघूच नका, वीस डाव (चेंडू सुटल्यापासून खेळ थांबेपर्यंत एक डाव) फक्त एका माणसाकडे बघा. मागे ढकलला गेला, जागेवर राहिला की समोरच्याला घेऊन पुढे गेला, एवढ्याच खुणा करा. पीएफएफ या खेळाडूंना गुण देणाऱ्या संस्थेचे लोकसुद्धा प्रत्येक खेळाडूला डावागणिक उणे दोन ते अधिक दोन असे गुण देतात, मग शंभरावर आणतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. काल रात्री जेवणं आटोपल्यावर अलाबामाविरुद्धचा रोज बोल, म्हणजे गेल्या मोसमाचा उपांत्य सामना, लावला आणि बाबांना ५५ नंबर, म्हणजे ग्रॅहम, दाखवला. पहिल्या चार-पाच डावांत त्यांची नजर सारखी चेंडूमागे धावायची. मग बसली. वीसपैकी तीनदाच मागे सरकला, अशा त्यांच्या खुणा आहेत. शेवटच्या डावात जोसाया स्टुअर्टने समोरच्या धिप्पाड गड्याला मागे रेटत क्वार्टरबॅकची वाट बंद केली, ते त्यांनी चारदा मागे घेऊन बघितलं. स्टुअर्टचं नाव माझ्या यादीतच नव्हतं, आता आहे. ग्रॅहमला साडेनऊ, भरपूर.

दुसरा रकाना आखून झालाय. मूरच्या ओळीत बाबांनी गुण न देता "जखमी निवृत्त, नाबाद" असं लिहिलं.

ऑर्जीचं अजून अडलंय. वसंतातला सराव सामना कोणी प्रत्यक्ष बघितला असेल तर त्याच्या फेकीबद्दल दोन ओळी लिहाल का?