दम लागत नाही, दिसेनासं होतं

टायगर बीटल या शिकारी भुंगेऱ्याच्या फोटोखाली कुणीतरी विचारलंय, की पळता पळता हा किडा मध्येच थांबतो, तो दम लागतो म्हणून का. दमाचा संबंध नाही. टायगर बीटल सावजामागे इतका सुसाट सुटतो की डोळ्यांना पुरेसा प्रकाशच टिपता येत नाही, समोरचं सगळं पुसट होतं. म्हणून क्षणभर थांबून सावज पुन्हा हेरायचं आणि परत धूम ठोकायची.

त्या फोटोतला किडा ब्राझिएला आर्जेंटाटा या टायगर बीटलच्या जातीचाच, असं मात्र ठामपणे म्हणू नये. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १८०१ मध्ये वर्णन केलेल्या या इवल्याशा किड्याच्या अगदी जवळच्या बऱ्याच जाती आहेत आणि नराच्या जननेंद्रियाची आतली रचना तपासल्याशिवाय त्या खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत.

मला खरं वेड लावते ती टायगर बीटलची अळी! जमिनीतल्या उभ्या बिळाचं तोंड चपट्या डोक्याने बंद करून बसते. मुंगी जवळ आली की झडप घालते. पाठीवरच्या आकड्यांनी बिळाची भिंत धरलेली असते, त्यामुळे सावज तिला बाहेर ओढू शकत नाही. ॲमेझॉनच्या पूरमैदानातल्या फिओक्झँथा क्लुगी या टायगर बीटलच्या अळ्या तर पुराच्या पाण्याखाली कित्येक आठवडे जिवंत राहतात.