पारड्यांना लिव्हर टॉनिकसोबत अ जीवनसत्त्व द्यावे का?

प्रश्न: नमस्कार. करवीर तालुक्यात माझ्याकडे १० महिन्यांच्या २ मुऱ्हा पारड्या आहेत. उन्हाळाभर उसाचे वाडे आणि कडबा एवढेच मिळाले. आता केस राठ झाले असून एकीच्या जबड्याखाली मऊ सूज दिसते. टॉनिक आणले आहे. सोबत अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यावे का?

उत्तर १: दादा, आधी सुजेकडे पाहा. नदीकाठच्या पाणथळीत चरणाऱ्या जनावरांना गोगलगायींमार्फत यकृतकृमी होतात, आणि त्यांनी यकृत पोखरले की रक्तातील प्रथिने घटून जबड्याखाली पाणी उतरते. तिथे टॉनिक पुरे पडत नाही. शेण तपासून घ्याच.

उत्तर २: सहमत. अ जीवनसत्त्व मुख्यतः यकृतातच साठते. हिरव्या वैरणीविना तो साठा काही महिन्यांत संपतो आणि दुखावलेल्या यकृतात नीट भरतही नाही. अंधार पडल्यावर पारडी गव्हाणीला धडकते का, तेही पाहा; या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो. इंजेक्शन मात्र डॉक्टरांनीच वजन पाहून द्यावे, कारण जादा मात्रा मुतावाटे निघून न जाता शरीरात साचते. ब गटाची चिंता नको, ती पोटातले सूक्ष्मजीव बनवतात.

प्रश्नकर्ता: धडकते, परवाच दावणीजवळ अडखळली. उद्या ताजे शेण डबीत घेऊन दवाखान्यात जातो आणि मका, लसूणघासही सुरू करतो.