डॅटसन २८०झेड + शेवी व्ही८ : घ्यावी का? (बे एरिया, बजेट २० हजार डॉलर)

फ्रीमाँटकर
नमस्कार मंडळी. डोक्यात जुना किडा आहे, आता प्रत्यक्ष गाडी दिसली म्हणून धागा काढतोय. सॅक्रामेंटोजवळ १९७८ची डॅटसन २८०झेड विकायला आहे. मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून १९९९च्या शेव्हर्ले (शेवी) कॅमॅरोचं एलएस१, म्हणजे ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही८, आणि त्याचाच सहा गिअरचा टी५६ गिअरबॉक्स बसवलाय. मागतोय २४ हजार. माझं बजेट सगळं धरून २०, त्यातच नोंदणी आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती.
वापर रविवारी सकाळी डोंगरात एक चक्कर, बस. तेल आणि ब्रेकपॅड स्वतः बदलतो, वेल्डिंग येत नाही. असली गाडी कोणी वापरली आहे का? बघायला गेल्यावर नेमकं काय तपासू?

जुनी_खोड (सिअ‍ॅटल)
स्पष्ट सांगतो, राग मानू नका. असली गाडी घेऊ नका. माझ्याकडे १९७२ची २४०झेड आहे, तुमच्या २८०झेडची थोरली बहीण. मूळ एल२४ इंजिन, मूळ जोड-कार्ब्युरेटर, मूळ नारिंगी रंग. कातायामा साहेबांनी (डॅटसन बनवणाऱ्या निसानचे अमेरिकेतले ‘मिस्टर के’) जपानहून आलेल्या गाड्यांवरची ‘फेअरलेडी’ या जपानी नावाची पट्टी काढून तिथे २४०झेड लावलं. साडेतीन हजार डॉलरमध्ये १५१ हॉर्सपॉवर आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देऊन युरोपियन गाड्यांना घाम फोडला. त्या गाडीत शेव्हर्लेचं धूड? ओरिजिनलच घ्या. ४० हजारांत बरी मिळेल.

फ्रीमाँटकर
धन्यवाद, पण बजेट २० आहे.

जुनी_खोड (सिअ‍ॅटल)
मग थांबा आणि साठवा.

ह्यूस्टनचा_हणम्या
खोडसाहेब, तुमची गाडी महिन्यातून एकदा गॅरेजबाहेर येते हे तुम्हीच मागच्या धाग्यात लिहिलंय 😀
फ्रीमाँटकर भाऊ, एलएस१ इंजिन झकास, पण अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकसाठी लोक उगाच पैसे ओततात. माझ्या २६०झेडमध्ये (२४० आणि २८०च्या मधलं मॉडेल) शेवी सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं इंजिन आहे, एलएस१च्याच घराण्यातलं, पण लोखंडी ब्लॉक. भंगारवाल्याकडून ६०० डॉलरला उचललं, वायरिंग आणि कॉम्प्युटरसकट. पोराला त्यातूनच शाळेत सोडतो. २४ हजारांत मी असल्या दोन बांधून देईन. तुम्हीच बांधा की!

फ्रीमाँटकर
वेल्डिंग येत नाही हो.

ह्यूस्टनचा_हणम्या
यूट्यूब आहे.

कोथरूड_ते_कुठेही
तुमची मजा आहे राव. इथे इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा २०१९चा निकाल. बादवे, एकाच्या अंगात दुसऱ्याचं इंजिन ही कल्पना आपल्याला नवी नाही. काँटेसा आठवा! अंग विलायती व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं, काळीज जपानी इसुझूचं. आमच्या वडिलांकडे १.८ जीएलएक्स होती. खंबाटकी घाटात काय ओढायची!

आंबा_घाट
सुरुवातीच्या काँटेसात इसुझू नव्हतं. अँबेसेडरचं १.५ होतं, ते घाटात ओढायचं नाही, रडायचं.

कोथरूड_ते_कुठेही
म्हणूनच १.८ जीएलएक्स लिहिलंय. वाचून प्रतिसाद द्यावा ही विनंती.

आंबा_घाट
नंतर अँबेसेडरलाही तेच इसुझू १.८ दिलं होतं. काँटेसाचं काही खास नाही.

त्रिकोणी_पिस्टन (ऑस्टिन)
मूळ प्रश्नावर येतो. २८०झेड सोडा, माझदाची तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ बघा. इथे १९९३ ते ९५ एवढीच विकली गेली. जुळ्या टर्बोचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर), जेमतेम १.३ लिटर आणि २५५ हॉर्सपॉवर. अपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) गेले की लोक कंटाळतात आणि एलएस१ टाकतात. माझ्याकडे रोटरीवालीच आहे. दोनदा इंजिन उघडलं, तरी विकणार नाही.

ह्यूस्टनचा_हणम्या
दोनदा उघडलं ही जाहिरात आहे की तक्रार?

त्रिकोणी_पिस्टन (ऑस्टिन)
ते ८ हजार आरपीएमला नेऊन बघा, मग बोलू.

स्मॉग_वाचलेला (सॅन होजे)
सगळ्यांनी काँटेसा आणि रोटरी बाजूला ठेवून माझं ऐका, कारण धागाकर्ते कॅलिफोर्नियात आहेत.
इथे १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना स्मॉग चेक (धुराची, प्रदूषणाची तपासणी) नाही. १९७६पासून पुढे आहे, दर दोन वर्षांनी. तुमची ७८ची, म्हणजे अडकलात. इंजिन बदललेल्या गाडीला नेहमीचा स्मॉगवाला आपल्या अधिकारात पास करू शकत नाही, आधी सरकारी रेफरीकडे जावं लागतं. नियम असा की इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नवं हवं, आणि ते ज्या गाडीतून आलं तिथली प्रदूषणाची सगळी यंत्रणा बरोबर यायला हवी. कॅमॅरोचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्यांच्या पुढचे-मागचे ऑक्सिजन सेन्सर, टाकीची वाफ शोषणारा कोळशाचा डबा, कॉम्प्युटर, सगळं. पास झाली की रेफरी गाडीवर स्टिकर लावतो, मग पुढचे चेक साध्या दुकानात होतात.
त्यामुळे विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: रेफरीच्या स्टिकरचा फोटो पाठव. दुसरं, कॅलिफोर्नियात स्मॉगचं सर्टिफिकेट विकणाऱ्यानं द्यायचं असतं, ९० दिवसांच्या आतलं. ‘तू घे, मग करून घे’ म्हणाला तर फोन ठेवा. माझ्या मित्रानं असं ‘मग’ ऐकून एक गाडी घेतली. ती अजून त्याच्या ड्राइव्हवेमध्ये आहे, नंबर प्लेटशिवाय.

ह्यूस्टनचा_हणम्या
टेक्सासला या. इथे २०२५पासून खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणीसुद्धा गेली.

स्मॉग_वाचलेला (सॅन होजे)
त्यांनी घर बदलायचा सल्ला मागितलेला नाही.

डेट्रॉइट_डायरी
गाडी बघताना चुंबक घेऊन जा, फ्रिजवरचा पातळ चालेल. या गाड्या आतून सडतात: बॅटरीखालचा पत्रा, पायाखालच्या फ्रेम-रेल, दाराखालचा उंबरा, मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा. चुंबक चिकटला नाही तर खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. मूळ इंजिनाच्या दुप्पट टॉर्क त्याच रेल झेलतात, म्हणून व्ही८मध्ये हे जास्त महत्त्वाचं.
आता स्वॅपचं, म्हणजे इंजिन बदलाचं. इंजिन बसवणं सोपं असतं, कच्चं काम बाकीच्यात राहतं. एलएस१ला सुमारे ५८ पीएसआय इंधनदाब लागतो, २८०झेडच्या मूळ इंजेक्शनला ३६च्या आसपास. कॉर्व्हेटचा फिल्टर-रेग्युलेटर लावलाय का आणि पंप कुठला आहे ते विचारा. स्पीडोमीटर मुळात केबलवर चालतो आणि टी५६ इलेक्ट्रॉनिक सिग्नल देतो, म्हणजे काटा हलतोय का बघा. तो बंद असेल तर गाडी किती मैल चालली हे कोणालाच माहीत नाही. मागचा डिफरन्शियल आर२०० (निसानचा दणकट प्रकार) असला तर ठीक. मागे ड्रम ब्रेक कायम असतील आणि पुढेही मूळचेच, तर दोनेक हजार बाजूला काढा. जुन्या टोयोटा पिकअपचे चार पिस्टनवाले कॅलिपर पुढे बसतात, लोक सर्रास लावतात. आणि वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये चालवून तापमान बघा. मोकळ्या रस्त्यावर सगळ्याच थंड असतात.

आंबा_घाट
गंज नक्की बघा. चुंबक घेऊन जा.

जुनी_खोड (सिअ‍ॅटल)
माझ्या गाडीला गंज नाही.

फ्रीमाँटकर
डेट्रॉइट, स्मॉग, दोघांना दंडवत. फोटो मागितला, अजून उत्तर नाही. दरम्यान स्टॉकटनला एका आजोबांकडे १९७४ची २६०झेड दिसली. त्यात जुन्या पिढीचं शेवी व्ही८, स्मॉल ब्लॉक ३५०, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, पाच गिअर. साडेसोळा हजार सांगतायत. कसं वाटतं?

ह्यूस्टनचा_हणम्या
अजिबात नको! कार्ब्युरेटर? २०२५नंतर? आणि लोखंडी इंजिन, जड.

त्रिकोणी_पिस्टन (ऑस्टिन)
तुमचंही लोखंडीच आहे ना?

ह्यूस्टनचा_हणम्या
माझं एलएस घराण्यातलं लोखंड आहे. फरक असतो.

जुनी_खोड (सिअ‍ॅटल)
नको. २६०झेड घ्यायचीच तर मूळ इंजिनासकट घ्या.

डेट्रॉइट_डायरी
मीही नको म्हणेन. एलएस१पेक्षा बरंच वजन पुढे येतं. कार्ब्युरेटर सकाळी थंडीत कुरकुरणार, केबिनमध्ये पेट्रोलचा वास, आणि डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) खेटून, टायमिंग लावताना बोटं सोलतात. हे स्वॅप सत्तरच्या दशकापासून होतायत आणि चालतात, पण आज घ्यायचं तर इंजेक्शनवालं घ्या.

स्मॉग_वाचलेला (सॅन होजे)
७४ची आहे म्हणजे स्मॉगमधून सुटली, एवढं खरं. पण आजच्या दिवसांत कार्ब्युरेटर मीही घेणार नाही.

कोथरूड_ते_कुठेही
काँटेसा १.५लासुद्धा कार्ब्युरेटरच होता.

आंबा_घाट
म्हणून तर रडायची.

फ्रीमाँटकर
अपडेट. सॅक्रामेंटोला जाऊन आलो. स्टिकर नाही. ‘माझ्या ओळखीचा स्मॉगवाला आहे, करून देईल’ म्हणाला. मागच्या कोपऱ्यावर चुंबक सटकन खाली पडला, खालून सगळीकडे नवाकोरा काळा अंडरकोट फासलेला. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर. परत येताना वाटेतच म्हणून स्टॉकटनला थांबलो. आजोबांकडे पावत्यांची जाडजूड फाइल, फ्रेम-रेल नव्या टाकल्याचे फोटो, चुंबक सगळीकडे चिकटला. ट्रॅफिकमध्ये मुद्दाम फिरवली, काटा मध्यावरच राहिला. पेट्रोलचा वास येतो, हे मान्य. पंधरा हजार आठशेला ठरली. घेतली. विमा ठरलेल्या किमतीवर उतरवलाय.

जुनी_खोड (सिअ‍ॅटल)
मग विचारलंत कशाला?

त्रिकोणी_पिस्टन (ऑस्टिन)
अभिनंदन. पण आरएक्स-७ बघायला हवी होती.

डेट्रॉइट_डायरी
अभिनंदन! फाइलवाली गाडी घेतलीत, माझे निम्मे आक्षेप गेले. वासासाठी टाकीपासून वर जाणारे रबरी पाइप आधी बदला, पन्नास वर्षांचे असतील. मागच्या दाराचं रबर गेलं असेल तर एक्झॉस्टसुद्धा आत ओढला जातो. तेही बघून घ्या, काच उघडी ठेवून भागवू नका.

फ्रीमाँटकर
दोन्ही ऑर्डर केले. आता एकच. गॅरेजमध्ये बायकोची गाडी असते, त्यामुळे ही बाहेर उभी राहणार. कार कव्हर कोणतं घेऊ? बजेट १०० डॉलर.

ह्यूस्टनचा_हणम्या
मी साडेतीनशेचं घेतलंय. डोळे मिटून घ्या.

जुनी_खोड (सिअ‍ॅटल)
कव्हर नको. दुसरं गॅरेज बांधा.