मदत हवी आहे: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली ट्रायपॉक्सिलॉन गांधीलमाशी, प्रजात पक्की कशी करायची?

मंडळी, सत्तरीत टांगलेल्या बांबूच्या नळ्यांत मातीचे पडदे घालून कोळी भरणारी काळी, सडपातळ एकांडी गांधीलमाशी मिळाली आहे. डोळ्याची आतली कड खोल खाचलेली, पुढच्या पंखात ठळक उपसीमांत कोष्ठ (कडेजवळचा, शिरांनी वेढलेला कप्पा) एकच. म्हणजे पिसॉन हा दिसायला जवळचा गट नव्हे, ट्रायपॉक्सिलॉन. घोडं अडलंय ते प्रजातीवर. रंगावर विसंबणाऱ्या, प्रजात ओळखायच्या जुन्या तक्त्यांवर (identification keys) माझा तरी भरवसा नाही.

नर वेगळे काढलेत (मिशांचे खंड 13, मादीला 12). प्रजात ओळखायला त्यांची जननांगं 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ करतोय, न तापवता. जास्त वेळ राहिली की इतकी पारदर्शक होतात की कडा आणि केस दिसेनासे होतात! डीएनएसाठी एक पाय 95 टक्के इथेनॉलमध्ये. टाचणी आरपार नाही, त्रिकोणी कार्डावर उजवी कूस चिकटवलीय.

नराच्या मिशीचा शेवटचा खंड कोणत्या खंडांच्या तुलनेत मोजता? जवळच्या प्रजातींच्या मूळ नमुन्यांचे (ज्यांवरून प्रजातीचं नाव ठरलं), चेहरा समोरून दाखवणारे फोटो कुणाकडे आहेत? आणि 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी प्रजात कळवून नमुना अधिकृत संग्रहात द्यायचा असतो. तो शोधनिबंधाचं हस्तलिखित पाठवण्याआधी देता की नंतर? पावसाळ्यात नमुन्यांना बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलशिवाय काय वापरता, तेही सांगा.