मदत हवी आहे : लोहाच्या गोळ्या आणि वयात येण्याचा विषय

कळव्यातील एका अनुदानित शाळेत मी विज्ञान शिकवते. आठवड्यातून एकदा द्यायची लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी लागते. परंतु पोषण आहार आठवीपर्यंतच असल्याने, डबा न आणणाऱ्या नववीच्या मुली ती उपाशीपोटी घेतात आणि एकदा मळमळ झाली की पुढची गोळी थेट कंपासपेटीत जाते. यावर कोणी काही व्यवस्था बसवली आहे का?

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात वयात येतानाच्या बदलांविषयी वर्गात बोलणे अपेक्षित आहे. त्यासाठी मुलामुलींना वेगळे बसवणे मला पटत नाही, सहकाऱ्यांना मात्र तेच सोयीचे वाटते. ठाणे-नवी मुंबईतील शिक्षकांनी आपला अनुभव, आणि पालकसभेत हा विषय कसा काढला, ते कृपया कळवावे.