डोळ्यांचा दाब उतरला, तर थेंब बंद करता येतात का?

चौकस (अकोला):
माझ्या आईच्या (वय 63) डोळ्यांचा दाब तपासणीत 27 आणि 26 (मिमी पारा) असा वाढलेला आढळला. डोळ्यामागची नस शाबूत असून दृष्टिक्षेत्राच्या चाचणीतही दोष नाही. तरीही डॉक्टरांनी रोज रात्री लॅटानोप्रोस्ट या दाब उतरवणाऱ्या औषधाचा एक थेंब सुचवला. आता दाब 19 वर आला आहे, परंतु डोळे लाल राहतात आणि "मला सगळे स्वच्छ दिसते, मग औषध कशाला?" असे तिचे म्हणणे आहे. थेंब बंद करावेत काय? तिला दमाही आहे.

निवृत्त औषधविक्रेता:
दाब उतरला आहे तो थेंबामुळेच. ते थांबवल्यास काही आठवड्यांत तो बहुधा पूर्वीइतका होईल. दाब वाढलेला राहिल्यास नस खराब होऊन काचबिंदू होऊ शकतो. त्यात सहसा कडेची नजर आधी जाते, त्यामुळे रुग्णाला बराच काळ पत्ता लागत नाही, आणि गेलेली नजर परत मिळत नाही. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दाब वाढलेला पण नस चांगली अशा लोकांपैकी थेंब घेणाऱ्या 4.4 टक्के, तर न घेणाऱ्या 9.5 टक्के जणांना पाच वर्षांत काचबिंदू जडला. अर्थात, उपचाराविनाही बहुतेकांना तो झाला नाही. म्हणूनच वय, कॉर्नियाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) जाडी आणि नसेची ठेवण पाहून निर्णय घेतात. आईंच्या बाबतीत तो कशावरून घेतला, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

लाली बहुधा हळूहळू कमी होते. न झाल्यास औषध बदलता येते. मात्र बदलताना दम्याचा उल्लेख आवर्जून करावा, कारण टिमोलॉल या दाब उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाचा थेंब अश्रुनलिकेतून नाकात व तेथून रक्तात उतरतो आणि श्वासनलिका आवळू शकतो. दोन औषधे एकत्र असलेल्या बऱ्याच बाटल्यांतही टिमोलॉल असते, तेव्हा नाव नीट वाचावे.

मीनाक्षी:
माझ्या सासूबाई दोन थेंब घालत असत. पापणीच्या खोबणीत एकही थेंब पुरता मावत नाही, दुसरा गालावरच ओघळतो! एक थेंब घालून डोळा मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावा.

चौकस:
आभारी आहे. बाटली फ्रिजमध्येच ठेवावी का?

निवृत्त औषधविक्रेता:
लॅटानोप्रोस्टच्या बऱ्याच बाटल्या न उघडलेल्या असताना फ्रिजमध्ये, आणि उघडल्यावर 25 अंशांखाली ठेवायच्या असतात. अकोल्याच्या उन्हाळ्यात हे बाहेर साधणार नाही, त्यामुळे उघडलेलीही फ्रिजमध्येच राहू द्यावी. फ्रीझरमध्ये मात्र नको. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि वेष्टनावर दिलेली उघडल्यानंतरची मुदत संपताच उरलेले औषध टाकून द्यावे.