३७०झेडचे रुंद फेंडर आणि लांबीची बदनामी

माहीमकर (धागाकर्ता):
गेल्या आठवड्यात एका सद्गृहस्थांनी लिहिले की मुंबईत पत्र्याचे काम म्हणजे लांबी (खड्डे भरायची पुट्टी) थापण्याचे काम; निस्सान ३७०झेड या स्पोर्ट्स कारचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, रुंद करायचे असतील तर जपानहून फायबरच्या तयार फेंडरांचे किट मागवावे आणि कुर्ल्याच्या मिस्त्रीला गाडीजवळ फिरकू देऊ नये. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. माझ्या गाडीचे मागचे दोन्ही फेंडर कुर्ल्यातच रुंद झाले आणि त्या साडेतीन महिन्यांत दर शनिवारी मी तिथे उभा होतो. मिस्त्रींनी आधी तारेचा सांगाडा वाकवून चाकाच्या कमानीवर बांधला, त्यावरून पुठ्ठ्याचे नमुने कापले आणि मग २० गेजचा पत्रा वाळूच्या चामडी पिशवीवर ठेवून मोगरीने हळूहळू उतरवला. वेल्डिंगचा एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, आणि मधल्या वेळात चहा. कारण सलग ओढले तर पत्रा तापून लाटा घेतो. तरीही उजवीकडे फुगवटा आलाच, तेव्हा त्यांनी रुपयाएवढी जागा लालबुंद तापवून तिच्यावर ओले फडके दाबले आणि पत्रा टण् आवाज करून खाली बसला. किटवाल्यांना माझा एकच प्रश्न आहे: रुंद चाक आत बसावे म्हणून मूळ कमान तुम्हीही कापताच ना? मग वरून रिव्हेट मारून झाकल्याने ते पाप पुण्य कसे होते?

दादरकर:
ते सद्गृहस्थ मीच, आणि माझे मत बदललेले नाही. अशी किट बनवणारे क्योतोचे केई मिउरा गाडीचे त्रिमितीय स्कॅनिंग करून संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर साचा कोरतात, त्यामुळे डावी आणि उजवी बाजू तंतोतंत जुळते. तुमच्या मिस्त्रींकडे काय आहे, तर नजर! रिव्हेटला नाक मुरडण्याआधी एवढे लक्षात घ्या, की १९७१ च्या फेअरलेडी २४०झेडजीला खुद्द निस्साननेच रिव्हेटने जडवलेले ओव्हरफेंडर (फेंडरवर वरून बसवायच्या रुंद कडा) दिले होते. माझ्या पहिल्या गाडीवर उपनगरातल्या एका गॅरेजने अर्धा इंच लांबी भरली होती आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर ती जुन्या चाळीच्या गिलाव्यासारखी पोपड्यांनी गळून पडली. तेव्हापासून मी खिशात लोहचुंबक बाळगतो; पत्र्यावर लांबीचा जाड थर असला की ते चिकटत नाही. आपली गाडी मी वरळीला पाहिली आहे. दाराला चुंबक लावले तर ते सरळ खाली पडले. आता आपणच सांगा, आत किती किलो लांबी आहे?

परळची पेंटर:
दादरकर साहेब, ३७०झेडची दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचे येतात. शोरूममधल्या कोऱ्या गाडीवरूनही आपले चुंबक पडलेच असते. बावीस वर्षे रंगकाम करते आहे, म्हणून सांगते की लांबी ही शिवी नाही. हाताने घडवलेल्या पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटरचा हात फिरवावाच लागतो, नाहीतर काळ्या रंगात हातोडीचा प्रत्येक ठोका दिसतो. लांबी बदनाम झाली ती दोन कारणांनी. एक म्हणजे ठोकायचा कंटाळा आला की खड्डा तिनेच भरतात, आणि दुसरे म्हणजे घासलेली लांबी प्रायमर (रंगाआधीचे अस्तर) न मारता जुलैत रात्रभर उघडी ठेवतात. ती हवेतले पाणी पिते आणि पुढे रंगाखाली फोड येतात. आपल्या गिलाव्याचे बहुधा तेच झाले असावे.

दादरकर:
दाराचे चुकले, मान्य. आपल्याएवढे सर्वज्ञ सगळेच नसतात. पण प्रायमर न मारणारेही मुंबईतलेच मिस्त्री ना?

परळची पेंटर:
आणि त्यांना 'शुक्रवारपर्यंत गाडी हवी' म्हणून दिवसातून चार फोन करणारी गिऱ्हाइकेही मुंबईतलीच, साहेब. वेळ मागितला की आम्ही चोर ठरतो.

ठाण्याचा वकील:
आपण सगळे लांबीत अडकला आहात, म्हणून आठवण करून देतो. मोटार वाहन अधिनियमाचे गाडीतील फेरफारांबद्दलचे कलम ५२ आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता पत्रा आणि फायबर हा भेदच गौण आहे. बेकायदा फेरफारासाठी कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

दादरकर:
वकीलसाहेब, आभारी आहे. किटचे स्क्रू निघतात, वेल्डिंग निघत नाही, एवढा मुद्दा माझ्या बाजूने लिहून घ्या.

परळची पेंटर:
स्क्रू निघाले तरी कापलेली कमान परत उगवत नाही. खरी मेख तर तिथेच आहे आणि तुम्ही दोघेही तिला बगल देता आहात. मागच्या चाकावर बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा कारखान्यात एकमेकांना जोडलेले असतात. कमान कापली की त्यांच्यामध्ये फट पडते. ती पुन्हा वेल्डने मिटवून, झिंक प्रायमर आणि सीलर (सांधे बुजवणारा लेप) लावून बंद केली नाही, तर चाकाने उडवलेले पाणी थेट आत जाते, आणि समुद्राच्या हवेत पुढचे सांगायला नको. माहीमकर, आपण पिशवी, मोगरी आणि चहा यांचे वर्णन फार सुंदर केलेत. पण या फटीबद्दल एक अक्षर नाही.

माहीमकर (धागाकर्ता):
ताई, आज सकाळी डिकीतला गालिचा उचलून पाहिला. उजवी बाजू कोरडी आहे. डावीकडे हात ओला झाला आणि बोटाला तांबूस रंग लागला. मिस्त्रींना फोन केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "डावीकडचे सीलर पोराने लावले होते." शनिवारी गाडी पुन्हा कुर्ल्याला नेतो आहे. दादरकरांनी हवे तर चुंबक घेऊन यावे. फक्त या वेळी ते फेंडरला लावावे.